लॉराचे मागचे ब्रेक पॅड आणि एक जाम पिन

७ ऑक्टोबर २०२३, शनिवार. टायर पुढचे मागे, मागचे पुढे करून घ्यायला कोथरूडमधल्या टायरवाल्याकडे गेले होते. मागचं डावं चाक उतरवल्यावर तिथल्या पोराने मोबाइलचा टॉर्च आत मारला आणि म्हणाला, “मॅडम, पॅड बघून घ्या. आतलं संपलंय.” वाकून पाहिलं तर बाहेरचं पॅड बऱ्यापैकी जाड होतं आणि आतलं लोखंडी पट्टीला टेकायच्या बेतात.

गाडी २०११ची डिझेल स्कोडा लॉरा, एक लाख चार हजार किलोमीटर झालेली. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना मागे ड्रम असतो आणि त्यात लायनर. हिला चारही चाकांना डिस्क आहेत, म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी थाळी आणि तिला आतून-बाहेरून दाबणारे दोन पॅड. डॅशबोर्डवर पॅडचा दिवा लागला नव्हता, कारण झिजल्याची खबर देणारी वायर फक्त पुढच्या पॅडला असते. मागचे पॅड संपले तरी गाडी गप्प. लोखंडावर लोखंड घासायला लागलं की आवाज येतो, पण तोवर डिस्कही वाया गेलेली असते. म्हणून टायरवाल्याकडे चाक उतरतं तेव्हा आत डोकावून घ्या. त्याचे पैसे पडत नाहीत. आतलं पॅड बाहेरून सहज दिसत नाही, मान वाकडी करावी लागते, पण बघायचं ते तेच.

दोन ठिकाणी भाव विचारला. एका सर्व्हिस सेंटरने पॅड, मजुरी आणि ‘ब्रेक सर्व्हिस’ धरून ९,४०० सांगितले. घराजवळच्या गॅरेजमध्ये ४,५०० म्हणाले. पैशांचं एक सोडून देऊ, पण दोन्हीकडे मी विचारलं की एकच पॅड का झिजलं? एकाने “होतं असं” म्हटलं, दुसऱ्याने “नवा सेट टाकला की ठीक होईल.” हे काही पटलं नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कुणाची गाडी सुरू होताना जरा खोकली की खिडकीत येतात. त्यांना फोटो दाखवला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो मोठा करून पाहिला.

“अगं, एक संपलंय आणि दुसरं तसंच आहे म्हणजे पिन सरकत नाहीये. तू नवे टाकशील, पुढच्या दिवाळीला परत हेच.”

हे नीट समजून घ्यायला मला एक संध्याकाळ लागली, ते इथे थोडक्यात सांगते. पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. माझ्या गाडीच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकच असतो, तोही आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतलं पॅड डिस्कवर दाबतो. मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून गाडीच्या आतल्या बाजूला सरकतो आणि बाहेरचं पॅड ओढून डिस्कला लावतो. पिन जाम असेल तर हे सरकणं होतच नाही. बाहेरचं पॅड बसून राहतं, आतलं एकटंच राबतं आणि ब्रेक सोडल्यावरही थोडं घासत राहतं. म्हणजे पॅड बदलणं हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग. खरं काम पिनांचं, आणि गॅरेजमध्ये घाईत वगळलं जातं ते नेमकं तेच. ठरवलं, आपणच करू. काकांनी “मी खुर्ची टाकून बसतो, हात तू चालव” असं कबूल केलं.

आता सोसायटी. आमच्या नियमावलीत ‘पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करू नये’ असं स्पष्ट लिहिलंय. पूर्वी कुणीतरी बाइकचं ऑईल फरशीवर सांडून ठेवलं होतं, तेव्हापासूनचा नियम. ८ तारखेला सेक्रेटरींना मेल केला. उत्तर आलं की लेखी अर्ज द्या, शेजारच्या दोन्ही पार्किंगवाल्यांच्या सह्या घ्या. एक सही लगेच मिळाली, दुसरे गृहस्थ गावाला गेलेले, ते गुरुवारी उगवले. १३ तारखेला परवानगी आली. अटी अशा: शनिवार, २१ तारीख, सकाळी १० ते संध्याकाळी ५. फरशीवर जाड प्लॅस्टिक अंथरायचं. पाणी वापरायचं नाही. आवाज करणारं मशिन चालवायचं नाही. गेटवर नोंद करायची. आणि ५०० रुपये अनामत. चिडचिड झाली, पण खरं सांगायचं तर प्लॅस्टिकची अट चांगलीच निघाली. खाली पडलेला बारीक वॉशर पांढऱ्या प्लॅस्टिकवर चटकन दिसतो. तुमच्या सोसायटीत असा नियम असेल तर लपूनछपून करू नका. गाडीचं चाक निघालेलं असताना “आत्ताच्या आत्ता हलवा” असं कुणी म्हणालं तर हलवणार कशी?

१४ तारखेला सुटे भाग घ्यायला नाना पेठेत गेले. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. “आज कसली खरेदी करतेस?” आईने विचारलंच. ब्रेकला पितृपक्ष नसतो म्हटलं आणि निघाले. काउंटरवर गर्दी, समोरचा माणूस एकाच वेळी तिघांशी बोलत होता.

“ताई, गाडी कुठली?”

“लॉरा. मागचे पॅड.”

“चॅसिस नंबर?”

आरसीचा फोटो मोबाइलमध्ये होता म्हणून वाचले. एकाच मॉडेलला मागे दोन-तीन मापांच्या डिस्क येतात, पॅडही त्याप्रमाणे वेगळे. स्टेपनीच्या खड्ड्यात एक पांढरं स्टिकर असतं, त्यावरच्या कोडच्या गर्दीत ‘१के’ने सुरू होणारा तीन अक्षरी कोड मागच्या ब्रेकचा. त्याचाही फोटो नेला होता. त्याने दोन खोकी काढली, कोड बघून एक परत ठेवलं. पॅडचा सेट २,६५०, त्यात कॅलिपरचे चार नवे बोल्ट होते. हे बोल्ट बघूनच घ्या. त्यांच्या आट्यांवर न सुटण्यासाठीचा लेप असतो आणि जुने पुन्हा वापरायचे नसतात. पॅड ज्यात बसतात त्या स्टीलच्या पट्ट्या वेगळ्या, ३५०. ब्रेक क्लीनरचा स्प्रे ३८०, डॉट ४ ब्रेक ऑईल अर्धा लिटर ३२०, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस २४०. ग्रीसच्या बाबतीत काटकसर नको. घरातलं साधं ग्रीस पिनांना लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

तिथून बोहरी आळीत. १५चा पातळ फिक्स पाना, तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर आणि दोन जॅक स्टँड. स्टँडची जोडी १,९०० ला पडली. गाडीसोबत येणारा जॅक चाक वर उचलण्यापुरता, त्याच्या भरवशावर गाडी ठेवून काम करायचं नाही. १३ची गोटी (सॉकेट) आणि रॅचेट घरी होतं. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना, मैत्रिणीच्या नवऱ्याकडून आणला.

राहिलं एक हत्यार, पिस्टन मागे फिरवायचं किट. ते ऑनलाइन मागवलं, १,६५० रुपये. मंगळवारी यायचं होतं, ‘आज पोहोचेल’ असा मेसेज रोज येत राहिला, आलं शुक्रवारी संध्याकाळी. या किटशिवाय मागच्या पॅडना हात लावू नका. पुढच्या चाकाचा पिस्टन सी क्लॅम्पने सरळ आत दाबला जातो. मागच्याला हँडब्रेक जोडलेला असतो. त्याच्या पोटात स्क्रू असतो, आणि पॅड झिजेल तसा तो स्क्रू पिस्टनला थोडा थोडा बाहेर आणून ठेवतो. हा पिस्टन दाबत दाबत घड्याळाच्या दिशेने फिरवला तरच आत जातो, बरणीच्या आट्यांच्या झाकणासारखा. सरळ दाबला तर एकतर हलत नाही, नाहीतर आतलं यंत्र मोडतं आणि नवा कॅलिपर घ्यावा लागतो. काही गाड्यांत एका बाजूचा उलटा फिरतो, माझ्या गाडीत दोन्ही घड्याळाच्या दिशेने.

मागे डिस्क म्हणजे सगळीकडे हेच असंही नाही. काही गाड्यांत डिस्कच्या मधल्या टोपीत हँडब्रेकसाठी छोटे लायनर असतात, तिथे पिस्टन सरळ आत जातो. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनर लावून गाडी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावी लागते. तसल्या गाडीचं काम मी घरी केलं नसतं.

२१ तारीख, शनिवार. दहाला गेटवर नोंद केली, प्लॅस्टिक अंथरलं. काका खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन हजर. आदल्या रात्री नीट झोप लागली नव्हती हे लिहायला हरकत नाही. चुकलं तर गाडी थांबणार नाही, ही भीती दुसऱ्या कुठल्या कामात नसते.

सुरुवात बॉनेटपासून. ब्रेक ऑईलच्या डब्याचं झाकण उघडलं. पिस्टन आत जाताना ऑईल मागे ढकललं जातं आणि डबा भरलेला असेल तर ओसंडतं. रंगावर पडलं की रंग जातो. डब्याभोवती जुना टॉवेल गुंडाळला आणि सुई नसलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने थोडं ऑईल काढून बाटलीत ठेवलं.

मग गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि हँडब्रेक खाली. हे हाताला विचित्र वाटतं, कारण गाडी उचलायची म्हणजे हँडब्रेक ओढायचा हे अंगात मुरलेलं. पण इथे हँडब्रेक त्याच कॅलिपरला जोडलेला, तो ओढलेला असेल तर पॅड सुटणार नाहीत. म्हणूनच ठोकळ्यांना महत्त्व. चाकाचे १७चे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले. मग जॅक, स्टँड, आणि उतरवलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवलं. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर बसते. काकांनी खुर्चीवरून उठून गाडी दोन्ही हातांनी हलवून पाहिली, मगच “हं, कर” म्हणाले.

एका वेळी एकच बाजू उघडायची. काय कुठे होतं याचा गोंधळ झाला तर दुसरी बाजू बघता येते.

कॅलिपर दोन बोल्टवर असतो, वर एक, खाली एक. १३ची गोटी बोल्टला लावायची आणि त्यामागची पिन फिरू नये म्हणून १५च्या पातळ पान्याने धरायची. वरचा बोल्ट सुटला. खालचाही सुटला. कॅलिपर हलवून हलवून डिस्कवरून वर काढला आणि तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला. त्याला ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचं नाही, नळी आतून फाटते.

पॅड हातात आले. बाहेरच्यावर मसाला, म्हणजे घासून झिजणारा थर, पाच मिलिमीटर, आतल्यावर जेमतेम दोन. दोन ही मर्यादा, त्याच्या खाली गाडी चालवायची नाही. म्हणजे टायरवाल्याच्या पोराने ऐन वेळी सांगितलं होतं. कोथरूडमध्ये पुन्हा जाईन तेव्हा त्याला चहा द्यायचाय.

धुळीबद्दल एक सांगते. ती फुंकायची नाही, कॉम्प्रेसरने उडवायची तर मुळीच नाही. मास्क लावून ब्रेक क्लीनर मारला, काळा गाळ प्लॅस्टिकवर उतरला, तो कागदाने पुसून पिशवीत टाकला.

आता पिना. वरची बोटाने आतबाहेर होत होती. खालची हलेना. मी हातोडी घ्यायला वळले तर काका म्हणाले, “ठेव ती. ठोकलंस की वाकली. पाना लाव आणि चिमूटभर फिरव. पुढे. आता मागे. ओढू नकोस, नुसतं फिरव.” पाना एक सूतही हलत नव्हता. मग जरासा हलला. पुढे-मागे, पुढे-मागे, अर्धा तास तरी गेला असेल. मध्ये काकांनी एसटीचा ब्रेक हवेवर कसा चालतो आणि बर्फातसुद्धा गाडी कशी उभी केली होती ते सांगितलं. बर्फ कुठला ते विचारायचं राहिलं. शेवटी पिन ‘च्यक’ असा ओला आवाज करत बाहेर आली. तिच्या टोकावर ग्रीसचं वाळून घट्ट चॉकलेटी पीठ झालं होतं आणि मध्ये गंजाची कडी.

काकांनी ती घेऊन अंगठ्याचं नख तिच्यावरून फिरवलं. एका जागी नख अडकलं. मग त्यांनी पिनेवरचं रबरी आवरण, ज्याला बूट म्हणतात, ते बोटांनी ताणून उजेडात धरलं. घडीच्या आत नखाएवढी चीर होती, एरवी दिसलीच नसती. “इथून पाणी जातंय बघ. बारा पावसाळे.” ही पिन पुसून परत लावली असती तर काही महिने चाललं असतं, तेवढंच.

तेव्हा साडेबारा वाजले होते. भाच्याला फोन केला. तो स्कूटरवर नाना पेठेत गेला, फोटो आणि चॅसिस नंबर व्हॉट्सॲपवर पाठवले. पिना, बूट आणि ग्रीसची छोटी पुडी असं दुरुस्तीचं किट मिळतं, एका बाजूचं ४२०. मी दोन्ही बाजूंचं आणायला सांगितलं. तो अडीचला आला. मधल्या वेळात पॅड बसतात त्या खाचा तारेच्या ब्रशने साफ केल्या. जुन्या स्टीलच्या पट्ट्यांच्या खाली गंजाचे पापुद्रे साचलेले असतात, ते पट्टीला वर उचलतात आणि नवं पॅड खाचेत घट्ट बसतं, सरकत नाही. पट्टी काढून खालचं लोखंड घासलंच पाहिजे. डिस्कची जाडी व्हर्निअरने मोजली. नवी दहा मिलिमीटर, कमीत कमी आठ, आणि हा आकडा डिस्कवर कोरलेला असतो. माझी नऊच्या वर भरली. आठच्या जवळ असती तर डिस्कही बदलावी लागली असती, आणि तेव्हा खर्चाचा सगळाच हिशेब बदलतो.

पिनेचं भोक काडीला कापड गुंडाळून, क्लीनर मारून साफ केलं. नव्या पिनांना ग्रीसचा पातळ थर, नवे बूट, आणि पिन बोटाने ढकलून पाहिली. सुळकन आत, सुळकन बाहेर. मग उगीचच आणखी दोनदा ढकलली.

पिस्टनच्या तोंडावर दोन खाचा असतात. किटमधल्या चकत्यांपैकी त्या खाचांत बसणारी निवडायची, मागे आधाराची पट्टी लावायची आणि हँडल फिरवायचं. सुरुवातीला काहीच होत नाहीये असं वाटतं. मग पिस्टनची चकचकीत कड हळूहळू रबरात शिरताना दिसते. सावकाश फिरवायचं, अधूनमधून बॉनेटखाली ऑईलची पातळी बघायची. पिस्टनभोवतीचं रबर सोबत पिळवटत असेल तर थांबून बोटाने सरळ करायचं. तिथे ओल दिसली, म्हणजे ऑईल गळत असेल, तर काम तिथेच थांबवून मेकॅनिकला बोलवावं. माझं कोरडं होतं.

नव्या पट्ट्या, नवे पॅड. पॅडच्या ‘कानांना’ कणभर ग्रीस, मसाल्याला आणि डिस्कला चुकूनही नाही. काही जपानी गाड्यांत पॅडच्या पाठीवरचा दट्ट्या पिस्टनच्या खाचेत बसवावा लागतो, इथे तसं काही नाही. कॅलिपर खाली बसवला, नवे बोल्ट, ३५ न्यूटन मीटर. हा आकडा ऐकायला लहान वाटतो आणि हात आणखी आवळायला शिवशिवतो. आवळायचं नाही. चाक लावलं, गाडी खाली घेतली, चाकाचे बोल्ट समोरासमोर १२० न्यूटन मीटरला.

साडेचार वाजले होते. उजवी बाजू अर्ध्या तासात होणार नव्हती. एका बाजूला नवे, एका बाजूला जुने अशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही, त्यामुळे ती तिथेच उभी राहणार हे उघड होतं. सेक्रेटरींना फोन केला. त्यांनी “अर्ज शनिवारचा होता” एवढं ऐकवलं आणि रविवारी सकाळी एकपर्यंत मुदत दिली. काकांची नोकरी सरकारी कागदांत गेलेली, ते म्हणाले, “मेलवर घे.” घेतलं.

रविवारी उजवी बाजू तासा-सव्वा तासात झाली. पिना कोरड्या होत्या, पण सुटल्या. त्याही नव्या घातल्या.

यानंतरची पायरी कागदावर लिहून स्टिअरिंगला चिकटवून ठेवा हवं तर. गाडी सुरू करण्याआधी, जागेवरच, ब्रेकचं पेडल दाबत राहायचं. पिस्टन आत गेलेला असल्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट जमिनीला टेकतं. माहीत असूनही पोटात गोळा येतो. हळूहळू ते वर येतं, मग कडक होतं. कडक झाल्याशिवाय गाडी एक फूटही हलवायची नाही. नंतर हँडब्रेक पुन्हा पुन्हा ओढायचा-सोडायचा, म्हणजे आतला स्क्रू पॅडशी जुळवून घेतो. शेवटी ऑईलची पातळी बघून झाकण लावलं. डबा उघडा ठेवायचा नाही, ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढून घेतं.

पार्किंगमध्येच पुढे-मागे करून पाहिली. थांबते.

सोमवारी खंडेनवमी होती. घरातल्या पूजेत यंदा पाने, गोट्या आणि ते किट मांडलं. काकांनी त्यांचा दापोडीचा जुना रिंग पाना आणून मध्ये ठेवला आणि संध्याकाळी न विसरता परत नेला.

नवे पॅड डिस्कवर ‘बसवावे’ लागतात. दसऱ्याच्या पहाटे, रस्ते रिकामे असताना, चांदणी चौकातून पिरंगुटच्या बाजूला गेले. साठच्या वेगावरून हळूहळू ब्रेक लावत वीसपर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, मग किलोमीटर-दीड किलोमीटर ब्रेक न लावता चालवून गार होऊ द्यायचं, आणि पुन्हा. सुरुवातीला थोडा जळका वास येतो, तो येणारच. गरम असताना ब्रेक दाबून उभं राहायचं नाही, डिस्कवर पॅडचा डाग उमटतो आणि मग पेडल थरथरतं. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारायची वेळ येणार नाही अशा बेताने चालवली.

परत आल्यावर दोन्ही मागच्या रिमजवळ हात नेला. जवळ, टेकवून नाही. ऊब दोन्हीकडे सारखी. आधी डावं चाक जास्त तापायचं आणि त्याच रिमवर काळी धूळ जास्त बसायची, हे मी वर्षभर बघत होते. बाहेरच्या बाजूला पार्क करते म्हणून असेल असं वाटायचं.

खर्चाचं सांगते, कारण हिशेब सगळेच विचारतात. पॅड, पट्ट्या, पिनांची दोन किटं, क्लीनर, ऑईल आणि ग्रीस मिळून ४,७८०. हत्यारं, म्हणजे स्टँड, पिस्टनचं किट आणि बोहरी आळीतली किरकोळ खरेदी धरून ४,१०० च्या आसपास. म्हणजे या वेळी सर्व्हिस सेंटरपेक्षा फार काही वाचलं नाही. गॅरेजपेक्षा तर जास्तच गेले. निव्वळ पैसे वाचवायला हे करणार असाल तर करू नका, तेवढ्यासाठी एक पूर्ण शनिवार आणि अर्धा रविवार फार होतो. अनामतीचे ५०० दिवाळीनंतर मेंटेनन्सच्या बिलातून वजा झाले. जुने पॅड भंगारवाल्याने नेले. सिरिंजने काढलेलं ऑईल गटारात ओतलं नाही, गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये टाकून आले.

दिवाळीत कोल्हापूरला जाऊन आलो. येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जो एस वळणाचा उतार लागतो, तिथे मी नेहमीप्रमाणे तिसऱ्या गिअरमध्ये आले आणि ब्रेक कमीच लावला, पण लावला तेव्हा गाडी सरळ रेषेत थांबत आली. पुण्यात आल्यावर डावं चाक पुन्हा उतरवून आत टॉर्च मारला. आतलं आणि बाहेरचं पॅड सारखं झिजलं होतं. बोल्टही एकदा रेंच लावून तपासले.

ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदलायचं असतं, माझं कधी बदललं त्याची नोंद सापडली नाही. ते जानेवारीत गॅरेजमध्येच करून घेतलं, ८५० रुपयांत. नळ्यांतली हवा काढायला पेडलवर एक माणूस आणि खाली एक माणूस लागतो, आणि काकांना गाडीखाली झोपवायचं धाडस मला झालं नाही. गॅरेजवाल्याने मागचे कॅलिपर बघून विचारलं, पिना कुणी बदलल्या? आता पुढचे पॅड सहा मिलिमीटरवर आहेत, पावसाळ्याच्या आधी ते काढेन.